संगणकावरचे नकाशे आणि आपलं नाशिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूगोलाचा माणूस नाही, सर्व्हेअरही नाही. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे. संध्याकाळी संगणकावर नकाशांच्या उचापती करायची हौस आहे, इतकंच. ट्रेकचा ग्रुप, दिंडोरी-निफाडकडचे बागायतदार नातेवाईक आणि सोसायटीतली इंजिनिअरिंगची पोरं हेच प्रश्न आलटून पालटून विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतो आहे.

सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरने करू?

आधी गूगल अर्थ प्रो. मोबाइलवरचं नाही आणि ब्राउझरमधलंही नाही, डेस्कटॉपवर इन्स्टॉल करायचं ते. जानेवारी २०१५ पर्यंत याला वर्षाला ३९९ डॉलर पडायचे. तेव्हापासून ते फुकट आहे. मुळात हे कीहोल नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. गूगलने ती कंपनी २००४ मध्ये घेतली आणि २००५ मध्ये गूगल अर्थ बाजारात आणलं. आजही आपण जागा सेव्ह करतो त्या केएमएल फाइलमधला ‘के’ हा त्या कीहोलचाच.

महिनाभर त्यात रमलात की क्यूजीआयएस घ्या, म्हणजे नकाशे स्वतः बनवायचं आणि मोजायचं सॉफ्टवेअर. गॅरी शेर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आहे, एक पैसा लागत नाही. डाउनलोड करताना सगळ्यात नवी आवृत्ती न घेता ‘लाँग टर्म रिलीज’ घ्या. नव्या आवृत्तीत बटणं जागा बदलतात आणि मग यूट्यूबवरचा व्हिडिओ एक दाखवतो, स्क्रीनवर भलतंच असतं.

माझा लॅपटॉप जुना आहे. चालेल?

८ जीबी रॅम असेल तर दोन्ही चालतील. ४ जीबी असेल तर ब्राउझर बंद ठेवून काम करा. पैसे घालायचेच असतील तर ग्राफिक्स कार्डाच्या आधी एसएसडी टाका.

गूगल अर्थ प्रो उघडल्यावर पृथ्वी काळी दिसते किंवा नुसत्या चांदण्याच दिसतात.

टूल्समध्ये ऑप्शन्स उघडा. ग्राफिक्स मोड डायरेक्टएक्स असेल तर ओपनजीएल करा, ओपनजीएल असेल तर डायरेक्टएक्स. बंद करून पुन्हा उघडा. तरीही काळीच राहिली तर त्याच खिडकीतल्या कॅशच्या भागात जाऊन डिस्क कॅश रिकामी करा. बहुतेकांचं काम इथेच भागतं.

नकाशाच्या दृष्टीने नाशिकमध्ये विशेष काय?

हा माझा आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबेल.

२० अंश उत्तर अक्षवृत्त थेट नाशिक शहरातून जातं. गूगल अर्थ प्रोमध्ये कंट्रोल-एल दाबा, अक्षांश-रेखांशांची जाळी दिसेल. झूम करत शहरावर या. रामकुंड, पंचवटी, म्हसरूळ रेघेच्या वर. मुंबई नाका, पांडवलेणी, नाशिकरोड, देवळाली रेघेच्या खाली. गंमत म्हणून ठीक, पण नकाशे बनवणारे लोक नेमके अशाच पूर्ण आकड्यांवर कात्री चालवतात आणि त्याचे परिणाम आपल्या गावाला भोगावे लागतात.

भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी टोपोशीटं, म्हणजे डोंगर, नद्या, रस्ते दाखवणारे छापील नकाशे घ्या. ४६ क्रमांकाचा पट्टा २० ते २४ अंश, ४७ क्रमांकाचा १६ ते २० अंश. त्यामुळे पंचवटी पडते ‘४६ एच’मध्ये आणि नाशिकरोड ‘४७ ई’मध्ये. एका शहरासाठी दोन वेगळ्या मालिकांची शीटं शोधा, वरच्याची खालची किनार आणि खालच्याची वरची किनार कापा, आणि मग चिकटवा. नव्या मालिकेत तरी सुटका व्हावी? छे. तिथे चार-चार अंशांच्या पट्ट्यांना अक्षरं आहेत: १६ ते २० म्हणजे ‘ई’, २० ते २४ म्हणजे ‘एफ’. पुन्हा तीच रेघ.

प्लस कोड, म्हणजे पत्त्याऐवजी वापरायचा गूगलचा अक्षर-आकड्यांचा कोड, त्यातही तेच. रेघेच्या वरच्या जागेचा पूर्ण कोड ‘७-जे-जी-एम’ने सुरू होतो, खालच्याचा ‘७-जे-एफ-एम’ने. एकाच शहरातल्या दोन दुकानांचे पूर्ण कोड तिसऱ्या अक्षरापासूनच वेगळे असू शकतात.

ऑनलाइन नकाशांची कात्री मात्र वेगळी. ते २५६ पिक्सेलच्या चौकोनी टाइलमध्ये तुकडे करतात. झूम शून्यावर अख्खं जग एका टाइलमध्ये मावतं आणि झूमची एक पायरी चढली की टाइलची संख्या चौपट होते. झूम १० वर चार टाइलचा एक कोपरा १९.९७३ उत्तर, ७३.८२८ पूर्व इथे येतो, म्हणजे ‘उपनगर’ नावाच्या भागाच्या आसपास. पंचवटीची टाइल १०/७२१/४५३ (झूम/स्तंभ/ओळ), नाशिकरोडची १०/७२२/४५४. नेट मंद असताना अर्धं शहर आधी उमटतं आणि उरलेलं मागून येतं, ते यामुळे.

आणखी भटकायची हौस असेल तर २० उत्तर, ७४ पूर्व हा पूर्ण अंशांचा छेदनबिंदू शोधायला निफाड तालुक्याकडे, सायखेडा-चांदोरीच्या बाजूला जा. असे बिंदू गाठून फोटो काढायचा जागतिक छंद १९९६ पासून चालू आहे. बिंदू शेतात असणार, तेव्हा आत शिरण्याआधी मालकाला विचारा.

जुन्या टोपोशीटचा स्कॅन क्यूजीआयएसमध्ये टाकला तर सगळं सरकलेलं का दिसतं?

कारण जुन्या शीटवरची २० अंशाची रेघ आणि जीपीएसची २० अंशाची रेघ एक नाहीत.

पृथ्वी किंचित चपटी आहे. किती चपटी, याचं गणित प्रत्येक काळात वेगळं धरलं गेलं. भारतात एव्हरेस्ट १८३० हा लंबगोल वापरला गेला. जॉर्ज एव्हरेस्ट १८३० ते १८४३ या काळात भारताचे सर्व्हेअर जनरल होते. शिखराला नाव मिळालं ते त्यांचंच. त्या मोजणीचा मूळ बिंदू मध्य भारतातलं कल्याणपूर. जीपीएस वापरतो डब्ल्यूजीएस ८४. दोन्हींत तेच आकडे टाकले तर नाशिकच्या परिसरात फरक शंभरएक मीटरचा पडतो. गावाच्या नकाशात शंभर मीटर म्हणजे देऊळ नदीत.

उपाय असा. क्यूजीआयएसमधलं जिओरेफरन्सर, म्हणजे स्कॅनला अक्षांश-रेखांश जोडणारं साधन, उघडा. शीटवर छापलेल्या जाळीच्या छेदनबिंदूंवर क्लिक करून तिथे छापलेले अंश टाका. कमीत कमी चार कोपरे, जमल्यास मधलेही. निर्देशांक पद्धत विचारेल तेव्हा डब्ल्यूजीएस ८४ देऊ नका, ‘कल्याणपूर १९७५’ निवडा. मग क्यूजीआयएस रूपांतर स्वतः करतं. पडताळा घेताना नदीचं पात्र धरू नका, पात्रं सरकतात. रेल्वेचं वळण, डोंगराचा माथा, जुना पूल हे खात्रीचे साक्षीदार.

शीट कुठे मिळतात? सर्वेक्षण विभागाने २०१७ मध्ये ‘नक्शे’ पोर्टलवर १:५०,००० ची खुली मालिका उपलब्ध केली. त्याहून जुनं हवं असेल तर अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाची १९५० च्या दशकातली १:२,५०,००० ची यू-५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ठेवली आहे. त्यात मुकणे, काश्यपी, गौतमी-गोदावरी यांतलं एकही धरण नाही. आजच्या उपग्रहचित्रावर ते शीट अर्धपारदर्शक करून ठेवलं की कोणकोणत्या वाड्या पाण्याखाली गेल्या, तिथे बोट ठेवता येतं. एवढ्यासाठी तरी हा खटाटोप करावाच.

बागेभोवती रेघ मारली तर ४० गुंठ्यांची बाग ४५ गुंठे दाखवतेय. जमीन वाढली का?

मामांचा हा प्रश्न ऐकून माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. पण जमीन तेवढीच आहे.

ऑनलाइन नकाशे मर्केटर पद्धतीवर चालतात. मर्केटरने १५६९ मध्ये ती खलाशांसाठी काढली: दिशा बरोबर राहते, आकारमान मात्र विषुववृत्तापासून लांब जाल तसं फुगतं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते यामुळेच. २० अंशांवर लांबी सुमारे ६ टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के फुगतं. चाळिसाचे सव्वापंचेचाळीस.

क्यूजीआयएसमध्ये प्रकल्प ईपीएसजी ३८५७ मध्ये (ऑनलाइन नकाशांच्या मर्केटर पद्धतीचा हा क्रमांक) असेल आणि मोजमाप ‘कार्टेशियन’, म्हणजे सपाट कागदावरचं ठेवलं असेल तर हे होतं. एकतर लंबगोलावरचं मोजमाप निवडा, नाहीतर थर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या झोन ४३ उत्तरमध्ये, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये एक्स्पोर्ट करून मग मोजा. नाशिक जिल्हा पूर्ण याच झोनमध्ये बसतो. गूगल अर्थ प्रोची पट्टी हा हिशेब स्वतःच सांभाळते.

आणि हो, यातलं कुठलंही मोजमाप बांधाच्या भांडणात चालत नाही. त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते. लॅपटॉप घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर जाऊ नका.

उपग्रहातून माझी द्राक्षबाग रोज बघता येईल का?

रोज नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचं चित्र साधारण पाच दिवसांनी येतं, आणि ‘कोपर्निकस ब्राउझर’ या वेबसाइटवर ते फुकट बघता येतं. एका पिक्सेलची जमिनीवरची बाजू १० मीटर, म्हणजे क्षेत्र १०० चौरस मीटर. आपला एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. थोडक्यात, एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा! युरोपातल्या इंजिनिअरांनी आपल्या सातबाऱ्याला सोयीचं काहीतरी अनवधानाने करून ठेवलंय. एक एकर म्हणजे चाळीसएक ठिपके. एकेक वेल दिसणार नाही, पण बागेचा कुठला कोपरा मागे पडलाय ते कळतं.

त्यासाठी ‘एनडीव्हीआय’ बघा. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं; या दोहोंच्या फरकाला बेरजेने भागलं की हिरवेपणाचा आकडा मिळतो. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी या आलेखात लख्ख खड्डा पाडतात. शेजारशेजारच्या दोन प्लॉटांत कोणी आधी छाटलं हे घरबसल्या सांगता येतं. (यावरून पिंपळगावला एका लग्नात मी बराच भाव खाल्ला आहे.) ढग मात्र अडवतात. जून ते सप्टेंबर फारसं काही हाती लागत नाही. तेव्हा ढगांतून पाहणारं सेंटिनेल-१ चं रडार असतं, पण त्याचं चित्र वाचायला वेगळी नजर लागते.

ढगांमुळेच गूगल अर्थवरही आपला जिल्हा बहुतेक वेळा उन्हाळ्यातला दिसतो, डोंगर तांबूस आणि नद्या कोरड्या.

मी नाशिकचे निर्देशांक टाकले आणि बिंदू समुद्रात पडला.

कुठल्या समुद्रात, त्यावर उत्तर आहे.

नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडपासून सत्तरेक किलोमीटरवर पडला असेल तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली आहे: २० उत्तर, ७३.८ पूर्व याचं ७३.८ उत्तर, २० पूर्व झालं. गूगल मॅप्सच्या शोधात आधी अक्षांश लागतो, केएमएल आणि जिओजेसन या प्रकारच्या फाइलींत आधी रेखांश. हा घोळ जगभर आहे.

आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडला असेल तर आकडे वाचलेच गेले नाहीत आणि दोन्ही जागी शून्य धरलं गेलं. या ठिकाणाला नकाशावाले ‘नल आयलंड’ म्हणतात. बेट वगैरे काही नाही. हवामानाच्या नोंदी घेणारा एक बोया तिथे ठेवलेला होता. ‘नॅचरल अर्थ’ या फुकट नकाशा-संग्रहाच्या डेटात मात्र मुद्दाम एक चौरस मीटरचं बेट घातलेलं आहे, चुका पकडायला. आपल्याकडे एक जास्तीचं कारण असतं: एक्सेलमध्ये आकडे देवनागरीत लिहिलेले. ‘२०.००५’ आपल्याला संख्या दिसते, बऱ्याच सॉफ्टवेअरला तो नुसता मजकूर. निर्देशांकांचे आकडे इंग्रजीतच ठेवा.

बिंदू नाशिकजवळच पण दोन-तीन किलोमीटर भलतीकडे असेल तर अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश यांची खिचडी झाली आहे. २० अंश ० मिनिट ३० सेकंद म्हणजे २०.०३० नव्हे, २०.००८३.

मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन का येतात?

शेपफाइल या नकाशाच्या फाइल फॉरमॅटमुळे. १९९० च्या दशकातला हा फॉरमॅट अजून जात नाही. त्यात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजून. ‘गाव’ नऊ बाइटांत बसतं, ‘तालुका’ला अठरा लागतात. ‘त्र्यंबकेश्वर’ एकटं ३९ बाइट घेतं. रकान्यात मजकुराची मर्यादा २५४ बाइट, म्हणजे ८४ चिन्हं. शिवाय सोबतची छोटी सीपीजी फाइल हरवली की कोणती लिपी आहे हेच सॉफ्टवेअरला कळत नाही.

शेपफाइलऐवजी जिओपॅकेज या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा, विषय संपला. एक्सेलमधून आणताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. लेबलांसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता हे फॉन्ट घ्या.

नकाशात खोट्या जागा असतात, हे खरं का?

खरं आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्या मधलं ‘सँडी आयलंड’ गूगल अर्थवरही होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘सदर्न सर्व्हेअर’ या जहाजावरचे शास्त्रज्ञ तिथे गेले तर बेटाच्या जागी १,३०० मीटरहून खोल पाणी. मूळ नोंद १८७६ सालची, ‘व्हेलॉसिटी’ नावाच्या देवमासे पकडणाऱ्या जहाजाची. एका नकाशावरून दुसऱ्यावर उतरवत ते बेट सव्वाशेहून अधिक वर्षं टिकलं. इंग्लंडमधलं ‘आर्गल्टन’ असंच, गूगल मॅप्सवरचं गाव, प्रत्यक्षात रिकामी शेतं. २००९ मध्ये ते फार गाजलं.

आपल्याकडे दिसतात ते साधे प्रकार: बिल्डरने आराखड्यात दाखवलेला आणि अजून न झालेला रस्ता, बंद पडून जमाना झालेली खानावळ, दोन ठिकाणी पिन असलेलं एकच मंदिर.

शेतावर इंद्रधनुष्यासारखं विमान दिसलं. खरंच आहे का?

विमान खरं, रंग उपग्रहाचे. निळा, हिरवा, लाल हे रंग उपग्रह एकाच क्षणी टिपत नाही, मध्ये किंचित वेळ जातो. सेंटिनेल-२ मध्ये निळ्या आणि लाल चित्रात साधारण एका सेकंदाचं अंतर असतं. तेवढ्यात विमान पुढे सरकतं आणि एकाची तीन रंगीत भुतं होतात. जमीन हलत नाही, म्हणून ती नीट दिसते.

हरिहर गडाची वाट उंचीच्या नकाशावरून आखू का?

अजिबात नाही. फुकट मिळणारी बहुतेक उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने अकरा दिवसांत रडारने घेतलेली आहे. ३० मीटरच्या एका चौकोनाला एकच उंची. सह्याद्रीचा उभा कडा अशा दोन चौकोनांत वाटला गेला की त्याचा चढ होतो, आणि समोच्च रेषा पाहून वाटतं, इथून जाता येईल. हरिहरच्या पायऱ्या, अंजनेरीचे कडे गूगल अर्थवर वितळलेल्या मेणासारखे दिसतात, तेही यामुळेच. हिलशेड, म्हणजे डोंगरांचा ऊन-सावलीचा नकाशा काढा, घरी फ्रेम करून लावा, सुंदर दिसतो. वाट मात्र गावातल्या माणसाला विचारा.

उड्डाणपुलावर नॅव्हिगेशन नेहमी गोंधळतं. का?

मुंबई-आग्रा रस्त्यावर वरचा पूल आणि खालचा सर्व्हिस रोड यांचे अक्षांश-रेखांश जवळपास सारखेच. फरक उंचीचा, आणि जीपीएस उंचीतच सगळ्यात कच्चा. त्यामुळे ॲप अंदाज बांधतं. पुलावर चढण्याआधीच पुढचं उतरायचं ठिकाण डोक्यात ठेवा.

आमची गल्ली नकाशात नाही. मी टाकू शकतो का?

ओपनस्ट्रीटमॅपवर नक्की. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा नकाशा लोकच बनवतात. ब्राउझरमधल्या आयडी एडिटरने सुरुवात करा, हात बसला की जोसम हा डेस्कटॉपवरचा एडिटर घ्या. मराठी नावासाठी वेगळी जागा आहे, ती भरा. बऱ्याच गावांची रिकामी आहे. गूगल मॅप्सवरून बघून काहीही उतरवू नका, परवान्यात बसत नाही. पायी फिरून टाकलेलं सगळ्यात चांगलं.

एक भान ठेवा. नाशिकला नोटांचा छापखाना आहे, देवळालीला तोफखाना, ओझरला विमानांचा कारखाना. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशांवरची बंधनं बरीच सैल केली, तरी कुंपणाच्या आतला तपशील टाकण्याच्या फंदात पडू नका. आणि भारताचा नकाशा छापणार असाल तर सीमारेषा सर्वेक्षण विभागाचीच घ्या. चुकीची सीमा छापणं हा गुन्हा आहे.

नाशिकमधून सरळ खाली खोदत गेलो तर कुठे निघू?

पॅसिफिक महासागरात. सगळ्यात जवळची ओळखीची जागा ईस्टर बेट, तेही साधारण ८५० किलोमीटर लांब. पोहायची तयारी ठेवा.

गूगल अर्थमध्ये विमान उडवता येतं म्हणे?

येतं. टूल्समध्ये फ्लाइट सिम्युलेटर. २००७ मध्ये ते आलं तेव्हा लपवलेलं होतं, कंट्रोल-ऑल्ट-ए दाबून उघडायचं. एफ-१६ घेतलंत तर ब्रह्मगिरीला धडकाल. एसआर-२२ हे छोटं विमान घ्या आणि गोदावरी धरून गंगापूरकडे चला.

सिंहस्थ येतोय. नकाशाच्या हौशी माणसाने आत्ता काय करून ठेवावं?

‘आधीची’ चित्रं जमवा. गूगल अर्थ प्रोमध्ये घड्याळाच्या चिन्हावर क्लिक केलं की जुनी चित्रं मिळतात. समृद्धी महामार्ग इगतपुरीकडे कसा सरकत गेला ते तिथे वर्षावर्षाने बघता येतं. पण कोणत्या तारखेची चित्रं राहतील हे आपल्या हाती नाही. म्हणून तपोवन, साधुग्रामची जागा, रामकुंडापासून खालचे घाट आणि त्र्यंबकचा परिसर असे चार चौकोन केएमएलमध्ये आखून ठेवा. पावसाळा सोडून दर महिन्याचं एक स्वच्छ सेंटिनेल-२ चित्र त्या चौकोनांपुरतं उतरवा. फाइलच्या नावात तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहा, म्हणजे क्रम आपोआप लागतो. २०२७ मध्ये तंबू उभे राहतील तेव्हा शेजारी ठेवायला रिकामं मैदान हवं, आणि ते तेव्हा शोधून मिळेलच असं नाही.